अकराव्या प्रकरणातला पेरू

एका वस्तूला दोन नावं दिलेली को फेइवनला खपत नसत. ऑफिसात कुणी एकाच बैठकीला सकाळी ‘मीटिंग’ आणि दुपारी ‘चर्चा’ म्हटलं, तर ही बाई हात वर करून विचारायची, की दोन्ही एकच ना? तायपेइतल्या घरी आईच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, त्याही हिच्याच अक्षरात. आई म्हणायची, "हिला नवरा मिळाला तर त्याच्या कपाळावरही चिठ्ठी चिकटवेल." नवरा काही मिळाला नाही, पण ‘तेंग’ मिळालं.

तेंग म्हणजे वेत. हे वेबसाइट बांधण्याच्या एका फ्रेमवर्कचं नाव. वेबसाइटचा तयार सांगाडा म्हणा, त्यात आपल्याला हवं ते भरायचं. तायपेइतल्या आठ मित्रमैत्रिणींनी नोकऱ्या सांभाळून ते उभं केलं आणि फुकट वाटलं. बेटावरच्या शाळा, दवाखाने, गावोगावची मंडळं ते वापरू लागली. ते कसं वापरायचं हे सांगणारी चौदा प्रकरणांची मार्गदर्शिका होती, आणि दोन वर्षांपासून तिची सगळी राखण फेइवनकडे होती. पगार एक पैसा नाही, पण हुकूमत पुरेपूर.

मार्गदर्शिका मुळात लिहिली होती येन दादांनी. ते फेइवनपेक्षा बारा वर्षांनी मोठे, आणि सगळे त्यांना दादाच म्हणत. त्यांची कामाची तऱ्हा अजब होती. दर शनिवारी सकाळी सोयादुधाच्या एका दुकानामागच्या खोलीत मंडळी जमायची. एकाने नवं पान मोठ्याने वाचायचं आणि गटातल्या सर्वांत नवख्या माणसाने कानावर पडेल ते, फक्त तेवढंच, कॉम्प्युटरवर करायचं. "डोकं बाहेर चपलांपाशी ठेवून या," असं दादा त्याला बजावत. नवखा अडला की सगळे थांबायचे, दादा वाक्य बदलायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन तासांत दीड पान व्हायचं, सोयादूध मात्र आठ पेले. फेइवन सात वर्षांपूर्वी तेंगमध्ये आली ती अशीच, डोकं बाहेर ठेवणारी नवखी म्हणून.

पुढे तायतुंगला दादांच्या वडिलांची सीताफळाची बाग बघायला कुणी उरलं नाही, आणि दादा नोकरी सोडून तिकडे गेले. मार्गदर्शिका फेइवनकडे आली. तिने ती पहिल्यांदा सलग वाचली आणि कपाळावर हात मारला. भाषा गोड होती, पण शब्द मोकाट सुटलेले. उदाहरण म्हणून सगळीकडे एक फळांचं दुकान घेतलं होतं, आणि त्या दुकानाची माहिती ज्यात साठवायची त्या कोठीचं नाव दहा प्रकरणांत ‘आंबा’. अकराव्यात अचानक ‘पेरू’. बाराव्यात पुन्हा आंबा, जसं काही झालंच नाही.

त्या ऑगस्टच्या वार्षिक मेळाव्यात, भरल्या सभागृहात, तिने पडद्यावर अशा सगळ्या शब्दांची यादी लावली. वर शीर्षक दिलं, ‘येन दादांची फळगाडी’. तीनशे माणसं खो खो हसली. पहिल्या रांगेत बसलेले दादाही हसले. जिन्यापाशी ते तिला गाठून म्हणाले,

"छान बोललीस. एक कर, अकराव्या प्रकरणाला हात लावशील तेव्हा आधी मला एक फोन कर."

"का हो दादा, काय पुरून ठेवलंय त्यात?"

"फोन कर, मग सांगतो."

एवढं बोलून ते गेले. फेइवनला वाटलं, म्हातारपणी जीव गुंतलाय स्वतःच्या शब्दांत. दादा तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते.

अकरावं प्रकरण चाचणीचं होतं. वेबसाइट नीट चालते का हे बघण्यासाठी आधी कोठी रिकामी करायची, मग तीत लीची, पपई, केळी अशा तीन नमुन्याच्या नोंदी भरायच्या आणि काय दिसतं ते पाहायचं. दादांनी लिहिलेली पहिलीच आज्ञा होती ‘पेरू रिकामी करा’. वाचणाऱ्याकडे पेरू नावाची कोठी नसायचीच, कारण दहा प्रकरणं त्याने आंब्यात काम केलेलं. मग मशीन म्हणायचं, अशी कोठी नाही, आणि थांबायचं. चाचणीसाठी पेरू नावाची वेगळी कोठी कशी करायची, हे खालच्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. पण खालचा परिच्छेद वाचतो कोण? लोक वैतागून तक्रार करायचे, की अकरावं प्रकरण चालत नाही. अशा एकोणीस तक्रारी साचल्या होत्या.

तो फोन फेइवन करणार होती. एका शनिवारी सकाळी तिने दादांचा नंबर काढलाही होता. मग मनात आलं, की दादा तासभर सीताफळांवर बोलतील, गोड गोड बोलून पेरू तसाच ठेवायला लावतील, आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही. तिने फोन उपडा ठेवला. पेरूच्या जागी आंबा घातला, खालचा परिच्छेद निरुपयोगी झाला म्हणून उडवला, आणि सगळ्या प्रकरणांत शब्द एकसारखे आहेत का हे तपासणारा स्वतःचा प्रोग्रॅम चालवला. हिरवी खूण आली. एकोणीस तक्रारी एका दमात मिटल्या. शनिवारची वाचनं तिने आधीच बंद केली होती, कारण एवढा वेळ कुणाला आहे? प्रोग्रॅम तेच काम चार सेकंदांत करत होता. निदान तिला तसं वाटत होतं.

पुढच्या वसंतात मार्गदर्शिकेच्या पत्त्यावर एक पत्र आलं. लिहिणारे दक्षिणेकडच्या मेइनोंगचे, चुङ गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त, वय एकाहत्तर. गावातल्या मंडळासाठी ते जुन्या फोटोंची वेबसाइट करत होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘को बाई, तुमच्या पुस्तकात एक शब्द सगळीकडे एकाच अर्थाने येतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा त्यामुळे गोंधळ होत नाही. मी दर महिन्याला एक प्रकरण करतो. सगळं तुम्ही सांगता तसंच करतो. सध्या चौथ्यावर आहे.’ मास्तर माणूस कुणालाही बाई म्हणतो, पण फेइवनला ते फार आवडलं. तिने पत्र छापून टेबलासमोर टाचलं. कुणी आलं की नजर तिकडे जाईल अशा बेताने.

नोव्हेंबरात गुरुजींचं दुसरं पत्र आलं.

‘को बाई, अकरावं प्रकरण केलं. स्क्रीनवर झालं असं आलं. तेव्हापासून फोटोंखालची नावं दिसत नाहीत. पहिल्या तीन फोटोंखाली लीची, पपई, केळी असं येतं. पुस्तकात, काम झालं नसल्यास पुन्हा करा, असं आहे, म्हणून मी आणखी दोनदा केलं. माझ्याच हातून काही चुकलं असणार. नावं परत आणण्यासाठी कोणतं पान वाचू?’

गुरुजींनी खऱ्या कामाच्या कोठीलाही आंबा हेच नाव दिलं होतं, कारण पुस्तकात आंबा होतं. त्यांनी खरी कोठी रिकामी केली होती. तीनदा. नक्कल ठेवायची माहिती तेराव्या प्रकरणात होती, आणि गुरुजी महिन्याला एक प्रकरण करत.

असं पान नव्हतं.

तिने तायतुंगला फोन लावला. सव्वा वर्ष उशिरा.

"दादा, पेरू मुद्दाम होता का?"

पलीकडे फवारणीच्या पंपाचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

"कुणाचं गेलं?" दादांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"माणूस दहा प्रकरणं आंबा आंबा करत आला की त्याचा हात आपोआप चालतो," दादा म्हणाले. "रिकामी करा म्हटलं की तो करणारच. म्हणून तिथे त्याला ठेच लागायला हवी होती. ठेचकाळला, की खाली बघतो. शनिवारी चार नवख्यांनी खरी कोठी पुसली तेव्हा मी पेरू घातला. तू यायच्या आधीची गोष्ट."

"मग मला सांगितलं का नाहीत? जिन्यातच का नाही सांगितलंत?"

"कारण मला राग आला होता, बाई. तीनशे माणसांसमोर माझी फळगाडी काढलीस. म्हटलं, करेल फोन, मग सांगू. मानाचा फोन हवा होता मला." मग हळूच म्हणाले, "गाढव आहे मी. एका वाक्याचं काम होतं."

"गाढव मी आहे, दादा."

"बरं, दोघं मिळून. त्या मास्तरांना काय कळवणार आहेस?"

"खरं तेच."

हे ती फोनवर म्हणाली. लिहायला बसली तेव्हा बोटं वळेनात. तेंगचं नाव खराब होईल, मंडळी काय म्हणतील, आधी काही परत मिळतं का ते पाहू, अशी एकेक सबब पुढे येत गेली. शेवटी तिने लिहिलं, ‘काही परिस्थितींत नोंदींच्या बाबतीत अशी अडचण उद्भवू शकते. आम्ही पाहत आहोत.’ स्वच्छ लिहिण्याबद्दल जिचं बेटभर नाव, तिने आयुष्यातलं सगळ्यात गढूळ वाक्य त्या दिवशी लिहिलं. तेच पाठवलं, आणि पुढे काहीच न कळवता तीन आठवडे बसून राहिली. रोज टेबलासमोरचं ते पहिलं पत्र दिसायचं. शेवटी ते काढून तिने पिशवीत घातलं, गुरुजींना येत असल्याचं कळवलं आणि शनिवारी सकाळच्या जलदगाडीने दक्षिणेला निघाली. चोयिंगला उतरून बस पकडली आणि दहा वाजता मेइनोंगला पोचली.

गुरुजी बसथांब्यावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी आधी वाकून माफीच मागितली.

"माझ्यामुळे तुम्हाला एवढ्या लांब यावं लागलं, को बाई. म्हातारा हात. कुठेतरी भलतंच दाबलं गेलं."

"नाही गुरुजी, तसं नाही—"

"अहो, मंडळाला मी सांगून टाकलंय. मंडळाच्या खोलीची किल्ली परत केली. म्हटलं, आता जपून वागणाऱ्या माणसाकडे द्या. तुमच्या पत्रात चूक कुणाची हे लिहिलं नव्हतंत. माझी अब्रू राखलीत, तेवढं कळलं मला."

फेइवनला तिथेच रस्त्यावर मरून जावंसं वाटलं.

गुरुजींच्या घरी कॉम्प्युटर देव्हाऱ्याजवळच्या कोपऱ्यात होता. त्यावर मक्याच्या फुगवलेल्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून फेइवनच्या ऑफिसातही ठेवतात तेच, हिरवंच, लाल किंवा पिवळं अजिबात नाही. तिने सवयीने उलटून तारीख पाहिली. मुदत संपायला पाच महिने होते.

"मुदत संपायच्या आत बदलतो," गुरुजी म्हणाले. "तेही चुकलं नाही माझं."

तिने दोन तास मशीनमध्ये खणाखणी केली. काही हाती लागेना. तीनदा पुसून तीनदा भरलेल्या जागेत जुनं काही उरलं नव्हतं. फोटो वेगळे ठेवलेले, म्हणून चारशे बाराच्या चारशे बारा शाबूत होते. तंबाखूच्या भट्टीसमोर उभ्या बायका, एक लग्न, शाळेची सहल, पुरानंतरचा पूल. पहिल्या फोटोतल्या बायकांखाली लिहिलं होतं, लीची.

"ही नावं कुणी सांगितली होती?" तिने विचारलं.

"घरोघर गेलो. तीन वर्षं. लोक चष्मा लावून एकेकावर बोट ठेवायचे. मशीनमध्ये भरून झाल्यावर कागद रद्दीत दिले." गुरुजींनी चष्मा पुसला. "सांगणाऱ्यांतले अकरा आता नाहीत."

गुरुजींच्या पत्नीने स्वयंपाकघरातून तांदळाच्या रुंद शेवयांचे वाडगे आणले, वर तळलेला कांदा.

"खा गं. या माणसाची कीव करू नकोस," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं पोरांना छळलंन, पुस्तकात आहे तेच लिहा, स्वतःचं डोकं चालवू नका. भोग म्हणावं आता."

"तू जरा गप्प बस," गुरुजी म्हणाले.

"का गप्प बसू? महिनाभर जेवण गोड लागलं नाही याला. झोपेत नावं म्हणतो. उठवलं की विसरतो."

फेइवनने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"काकू, त्यांची चूक नाही. गुरुजी, तुमचं काही चुकलं नाही. पुस्तकच चुकीचं होतं. मी चुकीचं केलं."

गुरुजी हसले, वर्गात एखादं पोर दुसऱ्याचा आळ अंगावर घेतं तेव्हा हसावं तसे.

"असं नका म्हणू, बाई. मी अक्षर न् अक्षर पुस्तकाप्रमाणे केलं. पुस्तक आधी कधी चुकलं नव्हतं. तेव्हा मीच."

त्यांना ते पटतच नव्हतं. तिने तीनदा सांगितलं, तीनही वेळा त्यांनी मान हलवून तिचीच समजूत घातली. शेवटी तिने स्वतःच्या लॅपटॉपवर येन दादांचं जुनं अकरावं प्रकरण काढलं.

"गुरुजी, कॉम्प्युटरसमोर बसा. मी वाचते, तुम्ही फक्त ऐकू येईल ते करा."

ते बसले. शनिवारच होता. सोयादुधाच्या दुकानामागे दादा वाचायचे तसं तिने सावकाश, मोठ्याने वाचलं. गुरुजींनी दोन बोटांनी एकेक अक्षर टाइप केलं. पेरू रिकामी करा. मग ते बटणावर बोट नेऊन थबकले.

"काही जाणार नाही ना?"

"नाही. दाबा."

त्यांनी दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘पेरू नावाची कोठी नाही. काहीही केलेलं नाही.’

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला. ओळ दोनदा वाचली.

"इथे मी थांबलो असतो," ते म्हणाले.

फेइवनने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून खालच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"थांबलो असतो, आणि खालचा परिच्छेद वाचला असता. मला वाचायचा कंटाळा नाही, बाई."

"माहीत आहे मला."

"मग हे काढलं का?"

"सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून," ती म्हणाली. "ज्यांनी लिहिलं त्यांनी मला आधी फोन करायला सांगितलं होतं. मी केला नाही. आणि तुम्हाला महिन्यापूर्वी हे लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नाही. भ्याले."

काकू वाडगे तसेच हातात धरून उभ्या होत्या. गुरुजी उठले आणि मागच्या अंगणात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला आणि खूप वेळ चालूच राहिला. फेइवनला रडू येत होतं, पण इथे रडण्याचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं, म्हणून ती ताठ बसून राहिली. त्यांनी चार शब्द सुनवावेत, घराबाहेर काढावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

गुरुजी परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. हातात एक जाडी कोरी वही आणि फोटोंचा खोका.

"तुमची बस चारची ना?" ते म्हणाले. "मग वेळ आहे. माझं अक्षर आता थरथरतं. तुम्ही लिहा."

"मंडळात मी येऊन सांगते, गुरुजी. किल्ली तुम्हाला परत—"

"ते सांगालच. सांगायलाच हवं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आधी हे."

पहिला फोटो तंबाखूच्या भट्टीचा, चौदा बायकांचा. गुरुजींनी बोट ठेवत ठेवत पाच सांगितल्या. काकूंनी मागून वाकून आणखी दोन ओळखल्या आणि एकीवरून दोघांचं भांडण झालं. उरलेल्यांवर गुरुजींचं बोट फिरत राहिलं, परत मागे आलं, आणि थांबलं.

"हिचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "तोंडावर आहे."

ती वाट पाहत राहिली. ते नाव आलं नाही.

"काय लिहू?"

"कुणी एक लिहा. नाहीतर अनोळखी." मग त्यांनी विचार केला आणि अगदी सरळ मनाने म्हणाले, "नको, पुढे गोंधळ होईल. तुमच्या पुस्तकासारखा सगळीकडे एकच शब्द ठेवा."

फेइवनने लिहिलं, नाव माहीत नाही. पुढच्या बाईसमोर तेच लिहिलं, आणि तिच्या पुढच्या बाईसमोरही. चारच्या बसची वेळ झाली तेव्हा नऊ फोटो झाले होते. ते शब्द वहीत एकेचाळीस वेळा आले होते, सगळीकडे अगदी एकसारखे. तिने बस सोडली आणि दहावा फोटो उचलला.